बहात्तर हजार जणांची एक टाळी



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. आपल्या वर्गात समजा बत्तीस मुलं आहेत. बाई म्हणाल्या, "एक, दोन, तीन, टाळी!" तर टाळी एकदम वाजते का? छे! कुणी घाईघाईने आधीच वाजवतो, कुणी मागाहून वाजवतो. शेवटच्या बाकावरचे दोघे तर बाकीच्यांचं ऐकून मग हात उचलतात. खरं ना?

आता सांगा, एका मैदानात बहात्तर हजार माणसं आहेत. बहुतेक जण एकमेकांना ओळखत नाहीत. तालीम झालेली नाही. शिट्टी वाजवणारे पी.टी.चे सर नाहीत. आणि तरीही सगळ्यांचे हात एका वेळी डोक्याच्या वर जातात, आणि टाळी वाजते! एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे कसं झालं असेल?

ही गोष्ट अगदी खरी आहे, बरं का. तारीख १३ जुलै १९८५, वार शनिवार. ठिकाण, लंडनचं वेम्बली स्टेडियम. तुमचे आईबाबा तेव्हा शाळेत असतील, नाहीतर जन्मलेही नसतील.

त्या वेळी आफ्रिकेतल्या इथिओपिया या देशात भयंकर दुष्काळ पडला होता. लाखो माणसं अन्नावाचून मेली. टीव्हीवर ती दृश्यं बघून बॉब गेल्डॉफ नावाचा एक आयरिश गायक अस्वस्थ झाला. आपल्याला गाता येतं, मग गाऊनच पैसे का गोळा करू नयेत, असं त्याच्या मनात आलं. त्यातून 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम उभा राहिला. एकाच दिवशी दोन मैदानांवर, एक लंडनमध्ये आणि दुसरं अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये, नामवंत कलाकार एकामागून एक गाणार होते आणि उपग्रहामार्फत ते कितीतरी देशांत दिसणार होतं. कुणालाही तासभर गायला मिळणार नव्हतं. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. वेळ संपत आली की दिवा लागणार, अगदी चौकातल्या सिग्नलसारखा!

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मंचावर आला 'क्वीन' हा बँड. चौघे जण. गाणारा फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि बेस गिटारवर जॉन डीकन. हे काही नवशिके नव्हते. बँड १९७० साली सुरू झालेला, म्हणजे पंधरा वर्षांचा जुना. काही लोक तर म्हणू लागले होते, की यांचे दिवस आता संपले. त्यातून आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, ते दक्षिण आफ्रिकेत सन सिटी इथे गाऊन आले होते. तिथे तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं आणि काळ्या लोकांना माणुसकीचे साधे हक्कही नव्हते. म्हणून कलाकारांनी तिथे जाऊ नये असं जगभरातून सांगितलं जात होतं. हे गेले. त्यामुळे पुष्कळ लोक त्यांच्यावर रागावलेले होते आणि ते रागावणं बरोबरच होतं.

आणखी एक अडचण. ही गर्दी काही त्यांची नव्हती. क्वीन येणार हे जाहीर होण्यापूर्वीच अनेकांनी तिकिटं काढली होती, कुणी या गायकासाठी, कुणी त्या गायकासाठी. शिवाय उजेड लख्ख. रात्री रंगीबेरंगी दिव्यांचा झगमगाट करता येतो. इथे सूर्य अजून वरच होता. पाहुण्याच्या अंगणात, दिवसाउजेडी, वीस मिनिटांत, रागावलेल्या लोकांपुढे गायचं. काय केलं असेल त्यांनी?

त्यांनी भरपूर तालीम केली होती! पंधरा वर्षं गाणारी ही मोठी माणसं, पण आधी काही दिवस लंडनमधल्या एका थिएटरात जाऊन घड्याळ लावून सराव करत होती. कुठलं गाणं किती मिनिटांचं, कुठे कापायचं, कुठून लगेच पुढच्या गाण्यात शिरायचं, सगळं ठरवून. गॅदरिंगच्या तालमीला "बाई, आम्हाला येतंय सगळं" म्हणून पळणाऱ्या माझ्या लाडक्या मंडळींनो, वाचताय ना?

पाचगणीचा मुलगा

पण हा इंग्लंडचा बँड आणि आपला काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा. हे पारशी कुटुंब. आडनाव आलं गुजरातमधल्या वलसाड गावावरून. फारुखचे वडील झांझिबारला, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, सरकारी नोकरीत होते. तिथेच ५ सप्टेंबर १९४६ ला त्याचा जन्म झाला. आठेक वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला शिकायला पाठवलं ते थेट आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत! वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी येते. टेबल लँडवर सहलीला गेलेले तुमच्यातले पुष्कळ जण असतील. त्याच गावात हा मुलगा वसतिगृहात राहिला. आईवडील हजारो किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे. आठ वर्षांचं पोर म्हणजे आपल्या तिसरीतलं की हो!

शाळेत तो पियानो शिकला. बारा वर्षांचा होताना मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा छोटा बँड काढला. पाच मुलं, पियानोवर हा. म्हणजे पुढे बहात्तर हजार लोकांसमोर उभ्या राहिलेल्या या माणसाने आपला पहिला कार्यक्रम केला तो आपल्या डोंगरावरच्या शाळेत, आपल्यासारख्याच मुलांपुढे. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे त्याने चित्रकलेचं शिक्षण घेतलं. क्वीनचं बोधचिन्हसुद्धा त्यानेच काढलेलं आहे. त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आहेत. चौघांच्या राशींवरून केलेली ती गंमत.

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र नीट ऐका. फारुखच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे वरचे दात पुढे आलेले. मुलं त्याला दातांवरून चिडवायची, नाव ठेवायची. मोठेपणी जगभर नाव झालं तरी हसताना हात तोंडावर नेण्याची किंवा वरचा ओठ खाली ओढण्याची त्याची सवय गेली नाही. दात काढून घेणं त्याला सहज शक्य होतं. पण त्याने आवाज बदलेल अशी त्याला भीती वाटायची, म्हणून त्याने ते तसेच ठेवले.

आमच्या वर्गात काय झालं

गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात मी शाळेच्या टीव्हीवर या कार्यक्रमातला थोडा भाग दाखवायचं ठरवलं. विषय होता 'ध्वनी'. आधी फ्रेडीचा एक फोटो लावला. तो दिसताच मागून एक आवाज आला. वर्गातल्या एका मुलाला पाडलेलं टोपणनाव कुणीतरी घेतलं होतं. त्या मुलाचेही दात असेच पुढे आहेत. आणि सगळा वर्ग हसला.

मित्रांनो, बत्तीस जणांना टाळी एकदम वाजवता येत नाही, असं मी सुरुवातीला म्हटलं. पण हसू अगदी एकदम आलं! तालमीशिवाय. त्या मुलाने तोंडावर हात ठेवला आणि तोही हसला. न हसून सांगतो कुणाला?

मी रागावणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मला आठवलं, की महिन्याभरापूर्वी गॅदरिंगच्या समूहगीतासाठी रांगा लावताना मीच त्याला म्हटलं होतं, "तू जरा मागच्या रांगेत जा रे, उंच आहेस." तो उंच नाही. ते मला माहीत होतं आणि त्यालाही. फोटो चांगला यावा म्हणून मी त्याला मागे पाठवलं होतं. मुलांनी निदान उघड चिडवलं. मी खोटं कारण देऊन तेच केलं. मग मी कोणत्या तोंडाने रागावणार?

मी काही न बोलता टीव्ही सुरू केला.

वीस मिनिटं

फ्रेडी धावतच मंचावर आला. साधा पांढरा बनियन, फिकट जीन्स, दंडावर एक पट्टा. राजाचा झगा नाही की मुकुट नाही. आधी पियानोवर बसला, थोडं गायला, मग उठला आणि माइक हातात घेतला. त्याच्या माइकची दांडी बघून मुलं म्हणाली, "बाई, मोडलीय ती!" बरोबर. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात गाता गाता दांडी खालून निखळली. वरचा अर्धा तुकडा हातात आला. तो घेऊन त्याने पुढे गायला सुरुवात केली. तेच इतकं आवडलं, की पुढे कायम अर्धीच दांडी! मोडलेल्या वस्तूची त्याने ओळख करून टाकली.

मग आलं 'रेडिओ गा गा' हे गाणं. हे रॉजर टेलरने लिहिलं. त्याच्या लहानग्या मुलाने बोबड्या बोलीत रेडिओविषयी काहीतरी म्हटलं, त्यावरून ते सुचलं. तुमच्या घरच्या धाकट्याचं बोबडं बोलणंही टिपून ठेवा, कुणी सांगावं! या गाण्यात दोन टाळ्या येतात, हात डोक्याच्या वर नेऊन. त्या कुणी शिकवल्या? १९८४ साली गाण्याची चित्रफीत आली होती. तिच्यात टाळ्या वाजवणारी जी गर्दी दिसते, ते क्वीनच्या चाहता मंडळाचे सभासद होते. त्यांना मुद्दाम बोलावून ती गर्दी उभी केली होती. टीव्हीवर ती चित्रफीत पाहून टाळ्या घरोघर पोचल्या. म्हणजे चाहत्यांनीच इतरांना शिकवल्या! वेम्बलीत ते गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कुणाला ऐकायला आलेल्या लोकांचेही हात वर गेले. कोड्याचं उत्तर मिळालं ना? तालीम झालेली नव्हती असं मी म्हटलं, ते तितकंसं खरं नव्हतं. ज्याने त्याने ती आपापल्या घरी केलेली होती.

त्या दिवशी मैदानात असलेल्या रसिकांच्या आठवणी ऐकल्या, की काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. मंचापासून लांब उभे असलेले म्हणतात, तो आमच्याशीच बोलतोय असं वाटत होतं. पुढे उभे असलेले म्हणतात, आम्ही मागे वळून पाहिलं आणि सगळं मैदान हातांचं झालेलं दिसलं. बरेच जण म्हणतात, आम्ही यांचे चाहते नव्हतो, त्या संध्याकाळपासून झालो. आणि उजेडाची जी अडचण वाटत होती, तिचाच उपयोग झाला. अंधारात फक्त मंच दिसतो. उजेडात गाणाऱ्याला लोक दिसले आणि लोकांना एकमेक दिसले.

गाण्यांच्या मध्ये फ्रेडीने एक खेळ केला. तो नुसता "ए-ओ" असा सूर काढी आणि लोक तो परत देत. तो वर जाई, लोक वर जात. तो वळण घेई, लोक वळण घेत. यात शब्द नाहीत, भाषा नाही, म्हणून चुकायची भीती नाही. आमच्या शाळेत एक आजोबा नातवाला न्यायला येतात, भजनी मंडळात पुढे म्हणतात. दारात उभं राहून ते बघत होते. म्हणाले, "बाई, हे आमचंच की! पुढच्यानं म्हणायचं, मागच्यांनी झेलायचं." आजोबांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी नेमकी गोष्ट पकडली.

एकवीस मिनिटांत खेळ संपला. नंतर स्वतः बॉब गेल्डॉफनेही कबूल केलं, की त्या दिवशी सगळ्यांत सरस क्वीनच ठरला.

टाळीची लाट

चित्रफीत बघताना आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, टाळी पुढून मागे जाताना दिसतेय. भातावरून वारा गेल्यासारखी!" शाबास! तिचं निरीक्षण अचूक होतं. टाळी सगळ्यांची एकदम नव्हतीच.

का ते बघा. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. उजेडापुढे ही गोगलगायच. मंचापासून १७० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ताल अर्धा सेकंद उशिरा ऐकू येणार. तो ऐकून टाळी वाजवणार, म्हणजे टाळीही उशिरा. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबरच असतो, पण लांबून बघणाऱ्याला लाट दिसते.

आम्ही शाळेमागच्या मोकळ्या वावरात हे करून पाहिलं. टेपाने १७० मीटर मोजले. एका टोकाला मी स्टीलची थाळी आणि लाकडी दांडा घेऊन उभी राहिले, दुसऱ्या टोकाला मुलं. हात जोरात आपटताना दिसतो आणि 'ठण्' मागाहून येतो! मुलांना इतकी मजा वाटली, की थाळीला दोन पोचे आले.

याच आवाजाच्या उशिराचा क्वीनने एक झकास उपयोग केला आहे. १९७७ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड इथे त्यांचा कार्यक्रम संपला, तरी लोक घरी जाईनात. ते आपणहून एक गाणं गाऊ लागले. बँड थक्क झाला. ब्रायन मे विचार करू लागला, की दाटीने उभ्या असलेल्या लोकांना काय काय करता येईल? नाचता येणार नाही. पण पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल आणि गाता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सुचलं 'वी विल रॉक यू'. दोनदा पाय, एकदा टाळी. धम्-धम्-टाळी! तुम्ही क्रिकेटच्या सामन्यात हा ठेका नक्की ऐकला असेल.

ते ध्वनिमुद्रित करताना हजारो माणसं कुठून आणायची? थोड्या लोकांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, आणि तो आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित केला. मग प्रत्येक वेळचा आवाज थोडा थोडा उशिरा लावला, जणू तो वेगवेगळ्या अंतरांवरून येतोय. ब्रायन मे सांगतो, की ही अंतरं त्याने मूळ संख्यांवरून ठरवली. मूळ संख्या, म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा, ज्यांना १ आणि ती स्वतः सोडून कुणाचाही भाग जात नाही. त्यामुळे उशीर एकमेकांवर जुळून प्रतिध्वनी होत नाही, नुसती गर्दी असल्यासारखं वाटतं. मूळ संख्या व्यवहारात कुठे लागतात, असं विचारणाऱ्यांना आता उत्तर देता येईल!

हे त्याला सुचलं कारण तो विज्ञानाचा विद्यार्थी. पोरवयात वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःची गिटार घरीच बनवली. लाकूड जुन्या शेकोटीच्या फळीचं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. वेम्बलीत त्याच्या गळ्यात तीच होती. बँडपायी सोडून दिलेलं खगोलशास्त्रातलं संशोधन त्याने पुढे साठीत पुरं केलं आणि २००७ साली डॉक्टरेट मिळवली.

गर्दी म्हणजे काय?

चित्रफीत संपल्यावर मी मुलांना फारुखच्या दातांची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "गर्दीने काय काय करता येतं?" उत्तरं आली. टाळी वाजवता येते. गाता येतं. ढकलता येतं. एक मुलगा हळूच म्हणाला, "हसता येतं." वर्ग शांत झाला.

मी म्हटलं, "हो. बहात्तर हजार जण मिळून एकाला उचलून धरतात, आणि बत्तीस जण मिळून एकाला खाली पाडतात. एकट्याने दोन्ही होत नाही. म्हणून गर्दीत उभे असाल, तेव्हा आपण काय करतोय ते बघा." आणि मग माझी चूकही सांगितली. 'उंच आहेस' म्हणाले होते, ते खोटं होतं, हेही सांगितलं. सोपं नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत राहिली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. चिडवल्यामुळे फारुख मोठा झाला, असं मुळीच नाही. तो मोठा झाला तो आवाजामुळे, पियानोमुळे, मित्रांमुळे, तालमींमुळे. चिडवण्याने त्याला मिळालं ते इतकंच, की आयुष्यभर हसताना हात तोंडावर. त्यामुळे "अरे, चिडवलं म्हणजे माणूस घट्ट होतो" असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी त्या मुलाला विचारलं, "तुला कुठे उभं राहायचंय?" मला वाटलं, तो पुढे येईल आणि गोष्टीचा शेवट गोड होईल. तो म्हणाला, "मागंच बरंय, बाई." मी गप्प बसले. माझ्या एका वाक्याने मोडलेलं दुसऱ्या एका वाक्याने कसं जुळावं?

मग आम्ही समूहगीताच्या आधी एक खेळ ठेवला. एकाने नुसता सूर काढायचा, बाकीच्यांनी झेलायचा. रोज वेगळं कुणीतरी पुढे. पाचव्या दिवशी चिठ्ठीत त्याचं नाव निघालं. सूर काढला तो इतका स्वच्छ, की सगळा वर्ग दचकलाच. आणि वर्गाने तो झेलला. कुणी हसलं नाही. त्याचं टोपणनाव ज्याने घेतलं होतं, त्याचा आवाज तर सगळ्यांत मोठा होता.

गॅदरिंगच्या दिवशी तो दुसऱ्या रांगेत, कडेला उभा राहिला. जागा त्याने स्वतः निवडली. हसताना त्याचा हात अजूनही तोंडाकडे जातो. पण गाताना दोन्ही हात खाली होते. फोटो पाहिलाय मी. चांगला आलाय.

पुढे काय झालं?

फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सच्या आजाराने गेला. अवघा ४५ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, २० एप्रिल १९९२ ला, त्याच वेम्बलीत त्याच्या मित्रांनी त्याच्या आठवणीत कार्यक्रम केला, एड्सविषयी लोकांना जागं करण्यासाठी. मैदान पुन्हा भरलं. २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपात मोठ्या पडद्यावर फ्रेडीचं जुनं चित्रण दाखवलं. पडद्यावरून त्याने "ए-ओ" अशी साद घातली आणि सगळ्या स्टेडियमने उत्तर दिलं! तो जाऊन वीस वर्षं झाली होती. २०१७ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये तर दुसऱ्याच बँडच्या कार्यक्रमाआधी नुसती ध्वनिफीत लावली होती, आणि हजारो लोकांनी क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अख्खं गाऊन टाकलं. मंचावर कुणीही नव्हतं. गाणं आता गर्दीचंच झालं होतं.

करून पाहा

मोकळ्या मैदानात १७० मीटर मोजा. जागा नसेल तर जेवढं जमेल तेवढं घ्या आणि त्या अंतराला ३४० ने भागा. आवाजाला किती सेकंद लागतील ते कळेल. मग थाळी वाजवून बघा. (थाळी आईला विचारून घ्या! माझ्यासारखे पोचे पाडू नका.) एका टोकाच्या मुलांनी आणि दुसऱ्या टोकाच्या मुलांनी धम्-धम्-टाळी एकत्र वाजवायचा प्रयत्न करा. जमतं का, आणि जमत नसेल तर कुठे अडतं, ते मला लिहून पाठवा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाच्या दातांवरून, रंगावरून, उंचीवरून घरात होणारी थट्टा आपल्याला प्रेमाची वाटते. मूल मात्र ती घेऊन शाळेत येतं. दातांची काळजी वाटत असेल तर दंतवैद्यांना दाखवा, उपचार असतात. पण मूल लोकांसमोर तोंड उघडेल तो दिवस, दात सरळ होईपर्यंत लांबवू नका. हे मी शिक्षिका म्हणून सांगत नाही. मागच्या रांगेत पाठवणारी मीच होते, म्हणून सांगते.

बरं तर मित्रांनो, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर एक गृहपाठ. उद्या शाळेत गेल्यावर वर्ग एकदम हसेल, तेव्हा क्षणभर थांबा आणि बघा, आपण कशाला हसतोय?

तुमची,
बाई